बादलीत साडेसत्तावीस, उपग्रहात तेवीस: समुद्राचं खरं तापमान कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका कॉलेजात भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी इन्सॅट-३डीआर या भारतीय हवामान उपग्रहाच्या इन्फ्रारेड प्रतिमेवरून डहाणूसमोरच्या समुद्राचं तापमान काढलं. मार्चअखेरचा दिवस, दुपारी एकची इमेज. उत्तर आलं २३.४ अंश सेल्सिअस. त्याच दिवशी त्याच सुमारास तिच्या डहाणूच्या मामांनी बोटीवरून बादली टाकून पाणी काढलं, त्यात साध्या काचेच्या थर्मामीटरवर २७.५ आले. शिवाय तिच्या नकाशात पालघरसमोर १६ अंशांचा एक डाग आहे. इस्रोच्या मोसडॅक या उपग्रह-माहितीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या तयार तापमान-फाइलमध्ये त्या वेळी डहाणूची जागा कोरी आहे आणि त्याच रात्रीच्या फाइलमध्ये तिथे २६.९ आहेत. ती विचारते: यातलं खरं कुठलं? माझं सूत्र कुठे चुकलं? आणि गंगापूर धरणावर हाच प्रयोग करून पडताळा घेता येईल का?

सूत्र चुकलेलं नाही, कारण तुम्ही सूत्र लावलेलंच नाही. २३.४ हे समुद्राचं तापमान नव्हे, ते ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे किरण मोजणाऱ्या चॅनेलचं ब्राइटनेस टेंपरेचर आहे. फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते १०२३ मधला एक काउंट असतो आणि सोबत तक्ता असतो, अमुक काउंट म्हणजे अमुक केल्विन. तुम्ही तक्ता लावला, २७३.१५ वजा केले आणि नकाशा रंगवला. इथवर सगळं ठीक. पण त्या तक्त्याला समुद्र ठाऊक नाही. तो एवढंच म्हणतो की उपग्रहापर्यंत जेवढे किरण पोचले तेवढे टाकायला एखाद्या पूर्ण काळ्या वस्तूला २३.४ अंश तापावं लागेल. मग खाली नुसता समुद्र होता, की समुद्र आणि वरची दमट हवा मिळून हा आकडा आला, की मध्ये ढगाचा एखादा पापुद्रा होता, हे आपणच शोधायचं. मी वीसेक वर्षं या प्रतिमांशी झटापट केली. सूत्राला कधी दोन ओळींपेक्षा जास्त लागल्या नाहीत. बाकी सगळा वेळ पिक्सेल नेमका कशाकडे बघतोय हे ठरवण्यात गेला.

आधी मात्र घड्याळ बघू. फाइलच्या नावात १३०० आहे म्हणून तुम्ही ती दुपारी एकची धरलीत ना? इन्सॅटच्या फाइलींवर जागतिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे तुमची इमेज संध्याकाळी साडेसहाची, सूर्य मावळायला आला तेव्हाची. मामांच्या बादलीशी जोडी लावायची तर ०७३० ची फाइल उतरवायला हवी होती. वाईट वाटून घेऊ नका, हे या कामात प्रत्येकाचं एकदा होतं. माझं दोनदा झालं.

आता गाभ्याकडे. कुठूनतरी एक टेंपरेचर गन मिळवा. कोविडमध्ये कपाळावर रोखायचे ती नको, ती तापाच्या पट्ट्याबाहेर काही दाखवत नाही. एसी दुरुस्तीवाले वापरतात तशी हवी. ती साधारण ८ ते १४ मायक्रॉनमध्ये बघते, म्हणजे ज्या खिडकीतून इन्सॅट बघतो जवळजवळ त्याच खिडकीतून. २७ अंशांची वस्तू सर्वांत जास्त किरण ९.७ मायक्रॉनच्या आसपास टाकते आणि १० ते १२.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा त्यातल्या त्यात पारदर्शक असते. दोन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून हे तंत्र उभं राहिलं.

पहिला प्रयोग घरातला. भांडी बाजारातून आणलेला लखलखीत तांब्याचा हंडा असेल तर त्यात कढत पाणी भरा. हाताला चटका बसेल, पण गन हंड्यावर रोखली तर जेमतेम खोलीचं तापमान दाखवेल. घासलेलं तांबं स्वतः किरण जवळजवळ टाकतच नाही, समोरच्या भिंतीचे परतवतं. आता हंड्यावर वायरमनची काळी टेप चिकटवा आणि टेपवर गन रोखा. आकडा एकदम वर जाईल. हंडा तोच, पाणी तेच. यालाच उत्सर्जकता म्हणायचं. सुदैवाने पाणी या बाबतीत टेपच्या जातीचं आहे, ११ मायक्रॉनला त्याची उत्सर्जकता ०.९८ ते ०.९९ असते. उरलेला टक्का सोडून द्यावा असं वाटेल, पण सोडू नका. या पट्ट्यात एक अंश तापमान म्हणजे किरणांमध्ये सुमारे दीड टक्क्याचा फरक. म्हणजे एका टक्क्याची चूक जवळपास पाऊण अंशाला पडते. त्यातलं थोडं परावर्तित आकाश भरून काढतं, सगळं नाही.

दुसरा प्रयोग गच्चीवरचा. निफाडला पारा घसरल्याच्या आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याच्या बातम्या येतात, तशा जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रात्री गन सरळ डोक्यावर, आकाशाकडे धरा. उणे वीसच्या खाली आकडा जाईल, स्वस्तातली गन तर हातच टेकेल. जुलैत भरून आलेल्या आभाळाकडे हेच करा. पंधरा-वीसच्या आसपास काहीतरी दिसेल. जानेवारीत हवा कोरडी, म्हणून गनला अवकाशाचा थंडपणा दिसतो. जुलैत तिला खालच्या ढगाचं पोट दिसतं. मे महिन्यात ढग नसतानाही आकडा जानेवारीपेक्षा बराच वर असतो, कारण हवेतली वाफच किरण टाकते. आता हे चित्र उलटं करा. उपग्रह वरून खाली बघतोय, खाली २७ अंशांचा समुद्र आणि मध्ये वाफेने भरलेली, वर वर थंड होत जाणारी हवा. हवा समुद्राचे काही किरण गिळते आणि त्यांच्या जागी आपले, थंड हवेचे, कमी किरण वर पाठवते. म्हणून ११ मायक्रॉनचं तापमान समुद्राच्या खऱ्या तापमानापेक्षा नेहमी खाली येतं. मार्चमध्ये कोकणासमोर तीन-चार अंशांनी आणि खूप दमट हवेत त्याहूनही जास्त. तुमच्या २३.४ चं कोडं बहुतांशी इथेच सुटतं.

पण किती मिळवायचं? दर दिवशी, दर ठिकाणी वाफ वेगळी. इथे दुसरा थर्मल चॅनेल उपयोगी पडतो, १२ मायक्रॉनचा. त्याला वाफ ११ पेक्षा जास्त अडवते. दोन हमाल एकाच गर्दीतून ओझी आणतात आणि त्यातला एक नेहमी जास्त सांडतो असं समजा. दोघांच्या हाती उरलेल्या मालातला फरक पाहिला की गर्दी किती होती ते कळतं, आणि निघताना माल किती होता तेही. याला स्प्लिट विंडो म्हणतात. तुमच्याच फाइलमध्ये तो दुसरा चॅनेल आहे, तुम्ही तो उघडलेला नाही. समजा त्याच पिक्सेलला १२ मायक्रॉनचं तापमान २१.८ आहे. फरक १.६. गुणक उदाहरणापुरता २.२ धरू. मग २३.४ अधिक २.२ गुणिले १.६, म्हणजे २६.९. तयार फाइलमधल्या रात्रीच्या आकड्याशी हे जुळलं तर नवल वाटू नये. प्रत्यक्ष वापरातल्या सूत्रात आणखी दोन-तीन पदं असतात. एक कोनाचं, एक स्थिरांकाचं, काहींत समुद्राच्या अंदाजे तापमानाचं. ते गुणक तरंगत्या बोयांच्या मोजमापांशी जुळवून किंवा किरणांच्या गणितातून काढलेले असतात आणि दर उपग्रहाचे वेगळे असतात. नोआ-७ या जुन्या अमेरिकी उपग्रहाचे गुणक इन्सॅटला लावू नका. असे प्रबंध मी तपासले आहेत.

या सूत्राची एक खोड मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून इथे थांबते. ते समुद्राबरोबर गोंगाटही, म्हणजे उपकरणाच्या आकड्यांतली थरथरही, वाढवतं. ११ चा चॅनेल इथे एकूण ३.२ पटीने (१ अधिक २.२) येतो आणि १२ चा २.२ पटीने. प्रत्येक चॅनेलमध्ये ०.१ अंशाचा स्वतंत्र गोंगाट असला तर उत्तरात तो सुमारे ०.४ होतो. वाफ चार किलोमीटरवर उड्या मारत नाही, म्हणून दोन चॅनेलमधला फरक आधी आजूबाजूच्या निरभ्र पिक्सेलांवर सरासरी काढून सपाट करावा आणि मग सूत्रात घालावा. ११ चा चॅनेल मात्र तसाच ठेवायचा, नाहीतर समुद्रातला खरा तपशीलही पुसला जातो. एवढ्या एका पायरीने तुमचा नकाशा निम्मा स्वच्छ होईल.

कोनाचं पद तुमच्या बाबतीत फारसं छळणार नाही. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे नाशिकच्या रेखांशावरच म्हणा ना, आपल्या बरोबर दक्षिणेला, विषुववृत्ताच्या सुमारे ३५,८०० किलोमीटर वर. डहाणूवरून तो डोक्यापासून साधारण २४ अंश कललेला दिसतो. हवेतला रस्ता उभ्यापेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी लांबतो, एवढंच.

आता तो १६ अंशांचा डाग. मार्चमध्ये पालघरसमोर १६ अंशांचा समुद्र असूच शकत नाही. तो ढग आहे. एवढं थंड दिसणारं काहीतरी असलं की ओळखायला सोपं, म्हणून अशा डागाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते २५.३ ची. समुद्र २७ अंशांचा आहे आणि पिक्सेलच्या फक्त पाच टक्के भागावर उणे १३ अंशांचा ढग आहे, असं धरून प्लांकच्या नियमाने, म्हणजे तापमान आणि किरण यांचं नातं सांगणाऱ्या सूत्राने, हिशेब करा. ११ मायक्रॉनचे किरण अडीच टक्क्यांनी घटतात आणि तापमान १.७ अंशांनी खाली येतं. तुमचा पिक्सेल चार किलोमीटर बाजूचा, म्हणजे सोळा चौरस किलोमीटरचा. त्यातलं एक चौरस किलोमीटरही पुरतं झाकलेलं नाही, दृश्य प्रकाशाच्या इमेजमध्ये काही दिसत नाही, आणि उत्तर आहे २५.३. पूर्णपणे पटणारं आणि पूर्णपणे खोटं.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. रत्नागिरीसमोर मला एक सुंदर थंड पट्टा सापडला होता. एका बाजूला २७.८, दुसऱ्या बाजूला २६.२, मधली कड रेखीव. मी त्यावर चार पानं लिहिली, थंड पाणी खालून वर येण्याचं स्पष्टीकरणही बसवलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी कागद हातात न घेता विचारलं, "पुढच्या अर्ध्या तासाची इमेज पाहिलीस?" पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा कड दहा पिक्सेल पूर्वेला सरकलेली होती. अर्ध्या तासात चाळीस किलोमीटर! असा समुद्र कुठे धावतो? उंचावरचा पातळ तंतुमेघ होता तो, नुसत्या डोळ्यांनाही धड न दिसणारा. त्या दिवसापासून आधीची आणि नंतरची इमेज शेजारी मांडल्याशिवाय मी कुठल्याही कडेवर विश्वास ठेवलेला नाही. भूस्थिर उपग्रहाचं हेच खरं बळ आहे. ध्रुवीय उपग्रहाचा पिक्सेल एक किलोमीटरचा किंवा त्याहून लहान असतो, व्हिअर्स या उपकरणाचा तर ७५० मीटरचा, पण तो दिवसातून मोजक्या वेळाच येतो. इन्सॅट ढोबळ बघतो, पण दर अर्ध्या तासाने. ढग पळतो, समुद्र जागेवर राहतो.

ढग ओळखायला तुमच्या प्रकल्पापुरत्या चार चाचण्या पुरेत. उजेड असताना दृश्य चॅनेल आणि १.६ मायक्रॉनचा चॅनेल बघा. सूर्याची चमक पाण्यावरून थेट उपग्रहाकडे येत नसेल तर समुद्र तिथे काळा असतो, उजळ काही दिसलं की सोडा. रात्री ३.९ आणि ११ ची तुलना करा. पाण्याच्या थेंबांचा खालचा ढग ३.९ ला कमी किरण टाकतो म्हणून तिथे ३.९ चं तापमान ११ च्या खाली जातं. मोकळ्या समुद्रावर सहसा उलटं असतं. दिवसा ३.९ ला हात लावू नका, तिथे सूर्याचा परावर्तित प्रकाश मिसळतो. तिसरी चाचणी तंतुमेघासाठी. आजूबाजूच्या मोकळ्या समुद्राच्या मानाने ११ आणि १२ मधला फरक अचानक मोठा झाला तर पातळ बर्फाळ ढगाचा संशय घ्या. चौथी शेजाऱ्यांची. तीन बाय तीन पिक्सेलांत तापमान फार विखुरलेलं असेल तर मधला पिक्सेल टाकून द्या.

या चौथ्या चाचणीवर माझा पूर्ण जीव नाही. ती ढगाच्या कडा टाकते, पण समुद्रातल्या खऱ्या कडाही टाकते, आणि मासेमाराला नेमक्या त्याच हव्या असतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांचे सल्ले निघतात, ते समुद्राच्या तापमानातल्या अशा कडा आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांच्या मेळातून काढलेले असतात. मामांना २६.९ की २७.३ याच्याशी घेणंदेणं नाही. कड कुठे आहे ते त्यांना हवं. म्हणून चौथी चाचणी ढिली ठेवा आणि संशयित कडांवर आधीच्या-नंतरच्या इमेजचा निकाल लावा. तयार फाइल संध्याकाळी डहाणूला कोरी होती ती याच कडकपणामुळे असावी. पालघरचा ढग जवळच होता, चाचणीने शेजारही झाकून टाकला. कोऱ्या जागेबद्दल राग धरू नका. ती फाइलमधली सर्वांत प्रामाणिक जागा असते.

अनेकजण यावर एक सोपी युक्ती करतात. दिवसभराच्या सगळ्या इमेज एकावर एक ठेवायच्या आणि प्रत्येक पिक्सेलला सर्वांत गरम आकडा घ्यायचा. ढग थंड, म्हणजे गरमातला गरम तो समुद्र. कल्पना चांगली आहे, पण सर्वांत गरम आकडा म्हणजे दुपारच्या उन्हाचा थर अधिक गोंगाटाचा वरचा टोकाचा हिस्सा. मी फक्त रात्रीच्या इमेज घेते आणि कमालऐवजी वरून थोडा खालचा, साधारण ८० वा शतमक घेते, म्हणजे शंभर आकडे चढत्या क्रमाने लावले तर त्यातला ऐंशीवा.

ढग नसूनही आकडा बिघडतो तो धुळीने. अरबस्तानाकडून आणि पाकिस्तानकडून येणारी धूळ अरबी समुद्रावर पसरते. जानेवारी २०२२ मध्ये ती मुंबईपर्यंत आली होती. वाफेमुळे १२ चं तापमान ११ च्या खाली जातं, धूळ नेमकं उलटं करते, फरक मिटवत आणते. सूत्राला वाटतं हवा कोरडी आहे, आणि ते कमी मिळवतं. १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीनंतर जगभरच्या उपग्रहांना समुद्र थंड दिसू लागला तो अशाच प्रकारे, वातावरणात वरती अडकलेल्या कणांमुळे. त्याच वर्षी सोडलेल्या ईआरएस-१ या युरोपीय उपग्रहावरच्या उपकरणाने एकच जागा दोन कोनांतून, एकदा सरळ आणि एकदा तिरकी, बघायला सुरुवात केली. आताचे सेंटिनेल-३ तेच करतात. इन्सॅटला ही सोय नाही.

राहिली बादली. तुम्हाला वाटतंय बादली खरी आणि उपग्रह तिच्याशी जुळवायचा. पण दोघं वेगवेगळं पाणी मोजतात. ११ मायक्रॉनचे किरण पाण्याच्या वरच्या दहा-वीस मायक्रॉनमधून येतात, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ थरातून. तो थर सतत हवेला उष्णता देत असतो, बाष्प सोडत असतो, म्हणून खालच्या पाण्यापेक्षा किंचित थंड असतो. बऱ्यापैकी वारा असला तर साधारण ०.२ अंशाने. पातेल्यात ४५ अंशांचं पाणी घ्या, स्थिर होऊ द्या, वरून गन रोखा आणि आत थर्मामीटर बुडवा. गन खाली दाखवेल. डावाने एकदा ढवळा, गनचा आकडा क्षणभर वर उसळेल आणि पुन्हा खाली बसेल. तीच ती साय, फक्त पाण्याची.

दिवसा याच्या वर आणखी एक थर चढतो. मार्च-एप्रिलमध्ये वारा पडलेला असताना वरचं मीटरभर पाणी उन्हाने तापतं आणि ढवळलं न गेल्यामुळे वरच राहतं. निवांत समुद्रात हा फरक दोन-तीन अंशांचाही होतो. डहाणूला दुपारी खारे वारे सुटले की तो थर मोडतो, म्हणून वारा सुटण्याआधीची बादली आणि नंतरची बादली यांतही फरक पडतो. आता हिशेब लावू. रात्री उपग्रहाला दिसलेली वरची साय २६.९. त्यात ०.२ मिळवा, खालचं पाणी २७.१. दुपारी एकला उन्हाने वरचा हात-दीड हात ०.४ ने तापला, बादली २७.५. सगळे आकडे नांदतात. अर्थात मामांची बादली वाऱ्यावर पाच मिनिटं ठेवून मग थर्मामीटर घातला असेल तर बाष्पीभवनाने ती थंड झाली असेल. जुन्या जहाजांवरच्या कापडी बादल्यांच्या शंभर वर्षांच्या नोंदी याच दोषासाठी दुरुस्त कराव्या लागल्या आहेत.

किनाऱ्याचं वेगळं. नाशिकहून सरळ पश्चिमेला निघालात तर जव्हारवरून डहाणूला हवाई अंतर जेमतेम ११० किलोमीटर, म्हणजे इन्सॅटचे २७-२८ पिक्सेल. नकाशाची मांडणी एक-दोन पिक्सेलांनी सरकलेली असली तर इथे काही बिघडत नाही, पण किनाऱ्यावर बिघडतं. दुपारी तापलेली जमीन पिक्सेलमध्ये शिरली की समुद्र ३१ दाखवतो, पहाटे गारठलेली शिरली की २४. त्यात डहाणूचा किनारा उथळ, ओहोटीला चिखल-वाळू दूरवर उघडी पडते आणि तीही पाणी म्हणून मोजली जाते. किनाऱ्यापासूनचे तीन पिक्सेल सरळ कापा. मामांची बोट त्याच्या आत होती असं दिसतं, तेव्हा त्यांना पुढच्या वेळी बारा-पंधरा किलोमीटर बाहेर बादली टाकायला सांगा.

पावसाळ्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. जून ते सप्टेंबर कोकणासमोर इन्फ्रारेडला समुद्र क्वचित दिसतो. त्यातले जून-जुलै इंजिनाच्या बोटींची मासेमारीही बंद असते, त्यामुळे बादलीही नाही. तेव्हा मायक्रोवेव्ह लागतो, उदाहरणार्थ २०१२ पासूनच्या जपानी उपग्रहावरचा एएमएसआर-२. त्याला ढगापलीकडचं दिसतं, मुसळधार पावसापलीकडचं नाही. पिक्सेल पंचवीस किलोमीटरच्या वरचा आणि किनाऱ्याजवळ जमिनीच्या किरणांमुळे आंधळा. डहाणूसाठी तो निरुपयोगी, खोल अरबी समुद्रासाठी उत्तम.

गंगापूर धरणाचा बेत मला आवडला, पण इन्सॅटने नको. धरण काठोकाठ भरलं तरी पाण्याचा फाटा वळणावळणाचा आहे, चार किलोमीटरचा एकही पिक्सेल निव्वळ पाण्याचा मिळणार नाही. लँडसॅट-८ आणि ९ चा थर्मल पिक्सेल १०० मीटरचा आहे आणि प्रत्येक उपग्रह १६ दिवसांनी येतो, सकाळी अकराच्या आत-बाहेर. काठापासून तीनशे मीटर आत, नावेतून बोटभर खोल पाणी मोजा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. लँडसॅट-८ च्या १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात बाहेरचा भटका प्रकाश शिरतो, म्हणून तिथे स्प्लिट विंडोचा मोह धरू नका. आणि समुद्रासाठी काढलेले गुणक इथे लावू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे, आणि हवेतली सर्वांत दमट चादर त्याच खालच्या भागात असते. ती इथे खालीच राहून जाते. समुद्राचं सूत्र लावलंत तर पाणी आहे त्यापेक्षा गरम दिसण्याची शक्यता जास्त. नाथसागर इन्सॅटला थोडाफार परवडेल, तेही मधल्या रुंद भागात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. त्याच दिवशीच्या रात्रीच्या, म्हणजे फाइलनावावर १७३० ते २३३० असलेल्या, सगळ्या फाइली उतरवा. ११, १२ आणि ३.९ तिन्ही चॅनेल काढा, किनाऱ्याचे तीन पिक्सेल कापा, दोन चॅनेलमधला फरक सपाट करा आणि पालघरचा डाग अर्ध्या-अर्ध्या तासाने कुठे जातो ते बघा. ०७३० ची फाइल वेगळी ठेवा, ती बादलीच्या जोडीची. आणि मामांना आजच फोन करा. बादली किती वाजता टाकली, बोट किनाऱ्यापासून किती लांब होती, खारा वारा सुटला होता की नाही, थर्मामीटर लगेच घातला की नंतर, हे विचारून घ्या. महिन्याभराने त्यांना फक्त साडेसत्तावीस आठवेल.